कुणाच्या हातचं

डिस्क कोरी आहे. पडद्यावर एक चौकट लुकलुकते
आणि विचारते, सामान कुणाकडून भरू?

पुंता अरेनासमध्ये ऑक्टोबर, म्हणजे वारा.
चौकात दोऱ्या बांधल्यात, धरून चालायला.
नोल्बेर्तो दोरी न धरता आला, टोपी गमावून,
आणि खुर्ची ओढत म्हणाला: सगळं घरीच रांधायचं.
मूळ कोड उतरवायचा, आपल्याच यंत्रावर शिजवायचा.
त्यानं काल सकाळी ब्राउझर चढवलाय,
आज दुपारीही शिजतोच आहे.
"पण खोली कशी ऊबदार झालीय, येऊन बघ.
गॅसचं बिल निम्म्यावर."
तो हे गंमत म्हणून सांगत नाही.

यास्ना, माझी भाची, तेवीस वर्षांची. तिला शिळं चालत नाही.
तिच्याकडे रोज पहाटे सगळं ताजं येतं
आणि महिन्यातून एकदा पडदा काळा पडतो.
मग बसते फोनच्या उजेडात, नखं खात,
दोन तासांनी हसत उठते. शिकले काहीतरी, म्हणते.
मला शिकायचं नाही गं.
मला शुक्रवारपर्यंत खलाशांचे सहा स्वेटर द्यायचेत.

तिसरी वाट दुकानातल्या पोरानं सुचवली:
प्रत्येक प्रोग्रॅम आपली चूल, आपला तवा,
मिठाची पुडीसुद्धा बरोबर घेऊन येतो.
कुणाचं कुणावाचून अडत नाही.
बघायचं काय, तर घड्याळ, आणि बोजा एका लग्नाचा.
तिन्ही ठेवू का थोडं थोडं, मी विचारलं,
तेव्हा नोल्बेर्तो आणि यास्नाचं पहिल्यांदा एकमत झालं:
एक ना धड, भाराभर चिंध्या.

माझं मागणं एवढंसं.
मागच्या खोलीत विणकामाचं यंत्र आहे, यास्नाहून थोरलं.
त्याची भाषा कळणारा एकच प्रोग्रॅम उरलाय.
नोल्बेर्तोकडे तो शिजता शिजता करपला.
यास्नाच्या यादीत तो नव्हताच.
सापडला जुन्या, सावकाश भांडारात,
जिथे दोन दोन वर्षं काही हलत नाही
आणि ज्याचं नाव घेतलं की पोरं हसतात.
मी बोलावलं. एकटा येईल तर शपथ!
सतरा सोयरे घेऊन आला,
त्यांतला एक तर नुसता रंगांची नावं ओळीनं लावणारा.
बसा म्हटलं, जागा आहे.

मग, का कोण जाणे, त्याची माहिती मागवली.
आवृत्ती. आकार. सांभाळणार: हेल्मी ओयाला.
खाली अठरा वर्षांच्या नोंदी.
केबलची चूक दुरुस्त.
केबलची चूक पुन्हा दुरुस्त.
उशीर झाला, माफ करा, आई दवाखान्यात होती.
आणि शेवटी, मार्चमध्ये: डोळे आता साथ देत नाहीत.
कुणी घेईल का?
त्याखाली काही नाही.

"बेवारस झालंय, मावशी," यास्ना म्हणाली,
"पुढच्या खेपेला काढून टाकतील. दुसरं बघ."
वारा पत्र्याशी भांडत होता.
माझ्या स्वेटरांचे टाके अठरा वर्षं
कुणीतरी दुसऱ्या टोकाला धरून बसलं होतं
आणि मी नाव न वाचता विणत होते.

एंटर दाबलं.
सतरा सोयरे पायपुसण्याशी थांबले, आत आले.
यंत्राचा दांडा सरकला. पहिली ओळ
उलटी.
केबलची तीच जुनी चूक, नाहीतर तिची धाकटी बहीण.

नोल्बेर्तोनं न विचारता माते ओतली.
यास्ना खुर्ची पुढे ओढून म्हणाली, कोड उघड.
मला कोड येत नाही. उसवता येतं.
कुठला टाका सुटलाय, ते बोटांना कळतं;
तेवढ्यावर पहाटे तीनपर्यंत आम्ही पोचलो.
शुक्रवारी चारच स्वेटर गेले.

सांभाळणार, या शब्दापुढे
हेल्मीचं नाव मी खोडलेलं नाही.
एक स्वल्पविराम दिलाय.